साडेतीन वर्षांचा मुलगा धड काही खात नाही, वाढीवर परिणाम होईल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा साडेतीन वर्षांचा. दीड वर्षाचा होईपर्यंत समोर ठेवाल ते खायचा, पालकाचं सूप, नाचणीची खीर, आमटीत कुस्करलेली भाकरी, सगळं. दोन वर्षांचा झाला आणि एकेक पदार्थ बंद होत गेला. आता वरणभात (त्यात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ताट सरकवतो), गूळतूप लावलेली पोळी, केळं, बिस्किटं आणि दूध, एवढंच. भाजी म्हटलं की तोंड घट्ट मिटून घेतो. भरवायला गेलं तर बकाणा भरून बसतो, घास गालात तसाच, गिळतच नाही. वजन १३ किलो, उंची ९६ सेंमी. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी १६ किलोची आहे, आणि खाली खेळायला नेलं की कुणी ना कुणी म्हणतंच, अगं किती वाळलाय हा. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय, नवरा म्हणतो मीही लहानपणी असाच होतो, सोड. मला सोडवत नाहीये. याने उंची खुंटते का, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो का, आणि तुम्ही तुमच्या घरी काय केलंत ते सांगा प्लीज.

चकलीचा_सोऱ्या
आमच्याकडे डिट्टो. फक्त वरणभाताच्या जागी दहीभात. वाचतेय.

पारिजात
मोबाईल दाखवून भरवता का? विचारलं म्हणून राग मानू नका, पण माझ्या भाचीचं सगळं जेवण कार्टून बघत व्हायचं आणि तिला पोट भरलंय का रिकामं आहे हेच कळेनासं झालं होतं. स्क्रीन बंद केल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला, नंतर स्वतःहून 'भूक लागली' म्हणायला लागली. हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून तोवर कधी ऐकलंच नव्हतं.

आजी_ठाण्याची
सूनबाई, घाबरू नकोस. आमच्या वेळी एकच स्वयंपाक व्हायचा आणि पाच पोरं एका पंगतीला बसायची. एकाने नाही म्हटलं तर त्याच्या ताटातलं दुसरा उचलायचा, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. आता एकटं पोर आणि त्याच्याभोवती चार मोठी माणसं वाटी घेऊन. ते तरी काय करेल बिचारं. चिऊकाऊचे घास भरवायला माझी ना नाही, गोष्ट सांगत भरवलेला घास अंगी लागतो. पण भाजी नको म्हटलं की लगेच मॅगी, हे नको.

बाबा_माणूस
आजींना अर्धं +१. पंगतीचं पटलं. पण 'गोष्ट सांगत भरवा' हे साडेतीन वर्षांच्या मुलाला का? त्याला हात आहेत की. आमच्याकडे मुलगी दोन वर्षांची झाल्यावर तिला पाट मांडून आमच्याबरोबर जेवायला बसवलं. ताटात जे आम्हाला तेच तिला, तिखट कमी घातलेलं. पसारा भरपूर व्हायचा, भात केसांपर्यंत जायचा. पण भरवण्याची रोजची मारामारी संपली.

बालवैद्य
बालरोगतज्ज्ञ आहे. धाग्यावरून निदान होत नाही, तरी काही गोष्टी सांगते.

दीड-दोन वर्षांनी भूक कमी होणं हा आजार नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, ३ किलोचं बाळ ९ किलोला पोचतं. दुसऱ्या वर्षी वजन जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण २ किलो. उंची वर्षाला सहा-सात सेंमी. वाढीचा वेगच उतरलेला असतो, म्हणून भूकही उतरते. आपण मात्र नऊ महिन्यांच्या बाळाची भूक डोक्यात धरून बसलेलो असतो. शिवाय दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाची भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे, ओळखीचा पदार्थ वेगळ्या आकारात आला तरी मूल नाकारतं.

शेजारच्या मुलीशी तुलना करूच नका. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करायची. लसीकरणाच्या कार्डावर मागची वजनं-उंच्या असतील, त्या वाढीच्या तक्त्यावर (वयानुसार वजन-उंचीचे पट्टे आखलेला आलेख) मांडा. रेघ आपल्या पट्ट्यात वर सरकत असेल तर बारीक मूल हे फक्त बारीक मूल आहे. रेघ आडवी झाली किंवा एक पट्टा ओलांडून खाली आली तर मात्र कारण शोधावं लागतं.

गोदाकाठ, दोन प्रश्न. वर्षापूर्वीचे आकडे काय होते? आणि दूध दिवसाला नक्की किती?

काळ्या_मातीतला
डॉक्टरांचा आदर ठेवून विचारतो, हे तक्ते गोऱ्या मुलांवरून काढलेले ना? आमच्या मराठवाड्यातली काटक पोरं त्यात बसणार कशी? माझा पुतण्या त्या तक्त्यात कायम खालीच दाखवायचा आणि आज कबड्डीत कुणाला हात लावू देत नाही.

बालवैद्य
काळ्या_मातीतला, रास्त शंका आहे. पाच वर्षांखाली जे तक्ते वापरतो ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये काढले आणि ते सहा देशांतल्या मुलांवरून काढलेले आहेत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्या अभ्यासाचा निष्कर्षच हा होता की अंगावरचं दूध नीट मिळालं, घर स्वच्छ असलं आणि खाणं पुरेसं असलं तर या वयात सगळ्या देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. पाच वर्षांनंतर आपण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतो, ते भारतीय मुलांचेच आहेत. आणि खालच्या पट्ट्यात असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, तुमचा पुतण्या त्याचं उत्तम उदाहरण.

श्टुटगार्टची_स्नेहल
इथे जर्मनीत मुलांची एक पिवळी वही असते, प्रत्येक तपासणीला डॉक्टर त्यात वजन-उंचीचा टिंब टाकतात. आमची कन्या कायम खालच्या पट्ट्यात. मी दर वेळी रडवेली, आणि डॉक्टर शांतपणे माझ्याकडे आणि नवऱ्याकडे बघून विचारायचे, तुमची उंची किती? आईवडिलांच्या उंचीवरून हिशेब करतात ना.

दुसरं म्हणजे पाळणाघरात ही बाई सगळं खाते! तिथे मध्ये भांडी ठेवतात आणि मुलं स्वतःच्या हाताने वाढून घेतात, शिक्षिका फक्त शेजारी बसून स्वतःचं जेवतात. घास संपव असं कुणी म्हणत नाही. घरी आली की फक्त तूपमीठभात. आता तूपमीठभात हे माझंही आवडतं असल्याने तक्रार करत नाही.

चकलीचा_सोऱ्या
उंचीचा हिशेब कसा करतात?

बालवैद्य
आईबाबांच्या उंचीची सेंमीमध्ये बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, मग भागिले दोन. मोठेपणीच्या उंचीचा ढोबळ अंदाज येतो, आठ-दहा सेंमी इकडेतिकडे धरायचे.

अजून एक. दोन वर्षांच्या आत मुलाला आडवं ठेवून मोजतात, नंतर उभं करून. उभं मोजल्यावर आकडा साधारण ०.७ सेंमीने कमी येतो. त्या सुमाराला 'उंची वाढलीच नाही' म्हणून पालक धावत येतात, त्यात हाही भाग असतो.

गोदाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. कार्ड शोधलं. अडीच वर्षांचा असताना ११.२ किलो आणि ८९ सेंमी होता. म्हणजे वर्षात १.८ किलो आणि ७ सेंमी. दूध विचारलंत, फुल क्रीमची अर्ध्या लिटरची पिशवी सकाळी आणि एक संध्याकाळी, दोन्ही त्याच्या एकट्याच्या, बाटलीनेच घेतो. रात्री झोपतानाही बाटली. जेवत नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे असं घरात सगळ्यांचंच म्हणणं असतं. आणि हो, मोबाईल लागतो.

बालवैद्य
वाढ छान चाललीय त्याची. अडीचला ज्या पट्ट्यात होता त्याच पट्ट्यात आहे. उंची खुंटल्याचं काही दिसत नाही.

दुधाचं मात्र बघायला हवं. फुल क्रीमच्या लिटरभर दुधात साडेआठशेच्या वर कॅलरी येतात. या वयाच्या मुलाची दिवसाची एकूण गरज हजार-बाराशेच्या आसपास. म्हणजे जेवणाची वेळ होईपर्यंत त्याचं पोट भरलेलंच असतं, तो नखरे करत नाहीये, त्याला भूकच नाहीये. आणि दुधात कॅल्शियम भरपूर असलं तरी लोह जवळजवळ नाहीच, उलट जेवणातलं लोह अंगी लागण्यात दूध अडथळा आणतं. म्हणून दुधावर वाढलेलं मूल वजनाला ठीक दिसतं आणि रक्त कमी असतं. आणि लोह कमी पडलं की भूक अजून मरते.

मेंदूच्या वाढीबद्दल विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर इथे आहे. वजनाच्या काट्यापेक्षा मला लोहाची काळजी जास्त वाटते. या वयात लोह दीर्घकाळ कमी राहिलं तर लक्ष लागणं, शिकणं, चिडचिड यावर परिणाम होतो. एकदा हिमोग्लोबिन करून घ्या. दूध दिवसाला जास्तीत जास्त ४०० ते ५०० मिली, तेही पेल्याने, जेवणानंतर किंवा मधल्या वेळेला. रात्रीची बाटली दातांसाठीही वाईट.

आजी_ठाण्याची
लिटरभर दूध! अगं मग जेवेल कसा तो.
पण डॉक्टरीणबाई, दूध एकदम तोडायचं का? रात्री रडून घर डोक्यावर घेईल.

बालवैद्य
हळूहळू आजी. आधी दिवसाची बाटली बंद करून पेला, मग रात्रीच्या बाटलीत रोज थोडं थोडं कमी.

सातपुडा
मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाडीच्या कामात आहे. धागा वाचून थोडं वेगळं लिहावंसं वाटलं. कुणाला कमी लेखायचं नाहीये, प्रत्येक आईची काळजी खरीच असते.

आमच्याकडे मूल खात नाही म्हणून आई येते तेव्हा बरेचदा घरात रोज भाकरी आणि मिरचीचं पाणी किंवा पातळ डाळ एवढंच असतं. आई पहाटे मजुरीला जाते, मूल मोठ्या बहिणीपाशी. बहीणच सात वर्षांची. ती काय भरवणार आणि किती वेळा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट देतात, त्याने भूक मरते आणि चहामुळे लोह लागत नाही ते वेगळंच. तिथे चोखंदळपणा नसतो, तोच तो घास खाऊन मूल कंटाळलेलं असतं नाहीतर आजारी असतं. जंत, हगवण, सारखा ताप.

आम्ही वजन-उंची घेतो आणि दंडाचा घेर मोजतो. पट्टीवर ११.५ सेंमीच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाची एक खूण सांगते, त्याला आवडीनिवडी राहत नाहीत. गूळ पुढे केला तरी मान फिरवतो. म्हणून दवाखान्यात पाठवायचं की गावातच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवायचं हे ठरवताना आम्ही भुकेची चाचणी घेतो, ठरावीक खाऊ देऊन खातो का ते बघतो. जे मूल बिस्किटासाठी भांडतं आणि भाजी नाकारतं त्याची भूक जिवंत आहे, एवढं लक्षात ठेवा.

अमृत आहार योजनेतून आमच्या मुलांना आठवड्यात चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं. अंडं पहिल्यांदा दिलं तेव्हा काही पोरांनी थुंकून टाकलं. मी कापून चार फोडी करून मीठ लावून मध्ये ताटलीत ठेवायला लागले आणि एका मोठ्या पोराला आधी खायला लावायचे. त्याने खाल्लं की लहान्यांचे हात आपोआप पुढे यायचे. घरी न्यायच्या शिध्याचंही तसंच, तो गोड शिरा पोरांना लवकर नकोसा होतो. मग मी आयांना सांगते, त्यात कांदा-मिरची आणि मेथी घालून तव्यावर थापा. खातात.

पारिजात
सातपुडा ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. आकडे बघितले तर महाराष्ट्राचं चित्र खरंच गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांतल्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय. ६९ टक्के म्हणजे त्यात शहरातली, सोसायटीतली मुलंही आलीच की. आपण सगळे वजनावर बोलत राहतो, रक्ताबद्दल कुणी विचारतच नाही.

काळ्या_मातीतला
जंताचं औषध दिलंय का गोदाकाठताई? १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत, शाळेत फुकट देतात, वर्षापुढच्या सगळ्या मुलांना. शहरातले लोक ते आपल्यासाठी नाहीच असं धरून चालतात.

चकलीचा_सोऱ्या
भूक वाढवायचं टॉनिक दिलं तर? आमच्या केमिस्टने एक सिरप दिलंय, शेजारणीच्या मुलाला त्याने फरक पडला म्हणे.

बालवैद्य
चकलीचा_सोऱ्या, बाटलीवर सायप्रोहेप्टाडिन लिहिलंय का बघा. ते मुळात ॲलर्जीचं औषध आहे, भूक वाढवतं आणि झोपही आणतं. काही आजारांत आम्ही विचारपूर्वक देतो, पण चांगल्या वाढणाऱ्या मुलाला केमिस्टच्या सल्ल्याने देऊ नका. बंद केलं की बऱ्याच मुलांची भूक परत पहिल्यासारखी होते.

चॉकलेटी पावडरींचंही तेच. त्यात साखर बरीच असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली ठेवू नका म्हणून कळवलं होतं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाचा प्रकारच नाही.

बाबा_माणूस
अवांतर: आमच्या घरात शेपू कुणीच खात नाही, अगदी बाबाही नाहीत. लहान मुलांनाच नावं का ठेवायची? :)

आजी_ठाण्याची
शेपूला नावं ठेवू नका. मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून करा आणि मग बोला.

निळी_छत्री
इतके दिवस फक्त वाचत होतो. 'सोडा, मोठा झाला की खाईल' हा सल्ला सगळ्यांना लागू नाही, म्हणून लिहितो. आमचा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत फक्त कोरड्या आणि कुरकुरीत गोष्टी खायचा. पापड, खाकरा, ठरावीक कंपनीची ठरावीक बिस्किटं. पुडा बदलला तरी कळायचं त्याला. ओलसर काही हाताला लागलं तरी उलटी यायची. आणि पदार्थ वाढत नव्हते, महिन्याला एक कमी होत होता. घरातले म्हणायचे लाडावलाय, उपाशी ठेवा एक दिवस. ठेवला. तो खरंच उपाशी राहिला, पाणीही प्यायला नाही. अशा मुलाची भूक त्याच्या भीतीला हरवू शकत नाही.

पुढे ऑटिझमचं निदान झालं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुरुवात जेवणापासून केलीच नाही, आधी कोरड्या डाळीत हात, मग कणकेत हात, मग पदार्थ ताटात फक्त ठेवायचा, मग वास, मग ओठाला लावणं. खाण्याचा आग्रह कुठेच नाही. आता तो मऊ भात खातो. ज्यांना खाजगी थेरपी परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चौकशी करा, तिथे तपासणी मोफत होते.

बालवैद्य
निळी_छत्री, फार नेमकं लिहिलंत. पदार्थांची यादी लहान लहान होत जाणं, घासाला ठसका लागणं किंवा गिळताना त्रास, वारंवार उलटी, सतत पातळ शी किंवा कडक बद्धकोष्ठ, माती-खडू-भिंतीचे पोपडे खाणं, बोलायला उशीर, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. बद्धकोष्ठाने भूक मेलेली मुलं तर फार येतात. आणि उपाशी ठेवून धडा शिकवायला कुणाही मुलाच्या बाबतीत जाऊ नका.

श्टुटगार्टची_स्नेहल
मग करायचं नक्की काय? गोदाकाठचा मूळ प्रश्न तोच होता.

बाबा_माणूस
आमच्याकडे जे ठरलं ते लिहितो. काय करायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं हे आम्ही ठरवणार. खायचं की नाही आणि किती, हे ती ठरवणार. तिच्या आवडीचं एक काहीतरी ताटात असतंच, वरण किंवा दही. बाकी भाजी चमचाभर, खाल्ली तर खाल्ली. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, ओरडायचं नाही, आणि पुढच्या खाण्यापर्यंत मध्ये फक्त पाणी. भोपळ्याची भाजी किती वेळा तशीच परत गेली असेल. एक दिवस स्वतःहून बोट लावून चाटली. मुलाने पदार्थ स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आपण तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर 'त्याला नाही आवडत' असं लेबल लावून मोकळे होतो.

आजी_ठाण्याची
आणि भाजी निवडायला बसव त्याला. मटार सोलणारी पोरं सोलता सोलता अर्धे मटार फस्त करतात.

चकलीचा_सोऱ्या
नुसते शेंगदाणे-फुटाणे मात्र चार-पाच वर्षांच्या आत देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून लाडू द्या.

गोदाकाठ
रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४. आमच्या डॉक्टरांनीही दुधाचंच विचारलं. या वयाला ११ च्या वर हवं म्हणाले. लोहाचं औषध दिलंय, महिन्याने परत तपासायचं आणि आकडा सुधारला तरी तीन महिने चालू ठेवायचं. दिवसाची बाटली बंद केली आहे, दुपारी झोपेतून उठला की रडतो, पण काल चार वाजता स्वतः पोळी मागितली. सासूबाईंनी हा धागा पूर्ण वाचला आणि मोबाईल आता त्या स्वतःच कपाटात ठेवतात. औषधाने शी काळी होतेय, ते चालतं ना? आणि जेवणात लोह कशातून वाढवू, तो हिरवं बघत नाही.

बालवैद्य
काळी शी चालते, लोहाच्या औषधाने होतेच. औषध दुधाबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबाच्या सरबताच्या दोन घोटांबरोबर दिलंत तर उत्तम. दातांवर डाग पडू नयेत म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी द्या.

हिरवं नसलं तरी बिघडत नाही. अंडं खात असेल तर अंडं, मासे-मटण खाणारे असाल तर त्यातलं लोह सगळ्यात सहज लागतं. नाहीतर अळिवाची खीर, मोड आलेली मटकी, डाळी, राजगिरा, आणि पोह्यावर लिंबू पिळायला विसरू नका.

सातपुडा
गूळपोळी खातो म्हणालात ना? त्यातच भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट मिसळा, गूळ थोडा कमी करा. ओळखीच्या पदार्थात थोडीशी भर घातली की पोरं नाही म्हणत नाहीत. आणि सांगून घाला. आमच्याकडे एका आईने भाकरीत अंडं लपवलं, पोराला वास आला आणि त्याने महिनाभर भाकरीलाच हात लावला नाही.

काळ्या_मातीतला
मुगाची धिरडी करून बघा. हिरवे मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं-जिरं घालून वाटायचे, मूठभर तांदळाचं पीठ. आमच्याकडे पोरांना तव्याजवळ उभं करून छोटी छोटी घालतो, ज्याचं त्याने उचलायचं.

चकलीचा_सोऱ्या
मूग भिजवलेलेच आहेत माझ्याकडे, उद्या सकाळी हीच करते. मोड आलेले असले तर चालतील का?

काळ्या_मातीतला
चालतील, पाणी कमी घाला नाहीतर तव्याला चिकटतात.